मागच्या चाकाचा मान

जयाची परात सकाळपासून सापडत नव्हती. शेवटी ती अंगणात, पिकअपच्या मागच्या चाकापाशी सापडली. जयाचा नवरा रामहरी तिच्यात ब्रेकचा ड्रम बसतो की नाही हे पाहत होता.

"पीठ मळायची परात हाय ती!"

"अगं, नव्या रिमचा आन् परातीचा घेर सारखाच हाय. परातीत ड्रम बसला म्हंजी रिम बसली."

"आन् भाकरी कशात करू? रिममधी?"

रामहरीच्या युक्तिवादात तत्त्वतः दोष नव्हता. परातीच्या कडा वरच्या बाजूला फाकलेल्या असतात आणि रिमच्या नसतात, एवढाच तपशील त्यातून सुटला होता.

या खटाटोपाचे कारण पारनेर तालुक्यात, जयाच्या माहेरी होते. तिथल्या यात्रेला सासरे आसाराम यांना गाडीत पुढच्या सीटवर बसवून देवळाच्या दारापर्यंत नेणे, हा जावयाचा मान. तो मान लग्न झाल्यापासून रामहरीला एकदाही मिळाला नव्हता. थोरला साडू मच्छिंद्र दरवर्षी सासऱ्यांना घेऊन पुढे जाई आणि रामहरीच्या पिकअपमध्ये नारळांची पोती, सतरंज्या आणि बँडचा मोठा ढोल येई. यंदा दोघांच्या कुरबुरीला कंटाळून आसारामांनी निकाल दिला होता, "दोघंबी पिकअप पळवा. जो जितंल त्याच्या गाडीत मी बसन."

पहिल्या झेपेतच पुढे निघायचे, तर मागच्या चाकांना लहान रिम आणि उंच, मऊ टायर हवेत, हे रामहरीने मोबाईलवर पाहिले होते. असा टायर हवा कमी ठेवली की जमिनीवर पसरतो आणि घट्ट धरतो. सिद्धांत बरोबर होता. केडगावच्या गॅरेजात मात्र नवी रिम ड्रमवर चढेना. बोटभर जागा कमी पडत होती.

"परातीत बसला हुता," रामहरी म्हणाला.

"मग परातच लाव," मेकॅनिक वाल्मिक म्हणाला. "ह्ये बघ. एकतर जुन्या रिमवर पळ. न्हाईतर भंगारातल्या व्हॅनचा बारका ड्रम टाकतो."

"बारक्या ड्रमनं गाडी थांबंल का?"

"थांबंल की, पुढचे ब्रेक हायेत. पन हँडब्रेकची केबल त्याला जुळायची न्हाई."

"शर्यतीत हँडब्रेक कोन वढतं?"

वाल्मिकने बारका ड्रम बसवला. प्रश्नाचे उत्तर यात्रेच्या दिवशी मिळाले.

घरी आल्यावर रामहरीने गाडी हलकी करण्यासाठी स्टेपनी उतरवली, मागचा फाळकाही काढून ठेवला. ज्या पकडीसाठी त्याने टायर बदलले होते, ती मागचे वजन काढून आपण पुन्हा घालवली, हे त्याच्या लक्षात आले नाही. गाडी तेवढी फार रुबाबदार दिसू लागली.

यात्रेच्या दिवशी गावाबाहेरच्या सरळ उताराच्या रस्त्यावर दोन्ही पिकअप शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. मच्छिंद्रने साडूच्या टायरांकडे पाहून विचारले, "काय साडू, म्हशीला हत्तीचं पाय लावलं का?"

"निघाल्यावर बघा, साडू."

तेवढ्यात सासूबाई, म्हणजे साळूबाई, आरतीचे ताट घेऊन आल्या. मच्छिंद्रच्या गाडीला ओवाळून त्या रामहरीकडे वळल्या. "उतरा खाली जावईबापू. आन् विंजीन चालू ठेवा. बंद गाडीला ओवाळत न्हाईत."

चालू इंजिनाची गाडी गिअरमध्ये ठेवता येत नाही. हँडब्रेक नव्हता. पायाने ब्रेक दाबून धरावा, तर खाली उतरायचे होते. उरलेला उपाय पुरातन होता. रामहरीने बांधावरून एक चांगला थोराड काळा दगड आणायला लावला आणि तो मागच्या चाकाच्या पुढे घट्ट बसवून घेतला. मग तो उतरला आणि हात जोडून उभा राहिला.

साळूबाईंनी बॉनेटला कुंकू लावले, पुढच्या चाकांना लावले, मागच्या चाकांना लावले. शेवटच्या चाकाशी वाकल्यावर तो दगड समोर आला. गुळगुळीत, काळाभोर आणि बरोबर हाताशी. त्यांनी त्यालाही हळदीकुंकू लावले, फूल वाहिले आणि नमस्कार केला.

रामहरीने गाडीत बसून ब्रेक दाबला. "आता काढा रे त्यो दगड!"

कोणी पुढे आले नाही.

"अवो मामी, दगड काढा म्हना की!"

"कुकू लावल्याला देव दिस मावळायच्या आत हालवायचा न्हाई," साळूबाई म्हणाल्या.

"मामी, त्यो दगड हाय!"

"मगाशी हुता."

गाडी मागे घेऊन दगडाला वळसा घालता आला असता. पण मागे बँडवाल्यांचा टेम्पो खेटून उभा होता आणि पुढे निशाण पडले होते. मच्छिंद्र सुटला. रामहरीने सगळी ताकद लावून क्लच सोडला. मागचा भाग हलका, पुढे दगड; चाके जागच्या जागी गरगर फिरली, धुरळ्यात बँड दिसेनासा झाला आणि गाडी होती तिथेच राहिली.

मच्छिंद्र जिंकला यात वाद नाही. फक्त साडू मागे कुठवर आला हे पाहण्यासाठी त्याने शेवटच्या टप्प्यात मान वळवली, आणि मान परत फिरेपर्यंत रस्ता संपला होता. त्याची पिकअप आसारामांनी जनावरांसाठी लावलेल्या घासाच्या रानात शिरली. रानाला सकाळीच पाणी दिले होते. ती ॲक्सलपर्यंत रुतली.

"घास गेला माझा," आसाराम शांतपणे म्हणाले. मग ते चालत रामहरीच्या गाडीपाशी आले आणि दार उघडून पुढच्या सीटवर बसले.

"मामा, मी जितलोय!" मांडीपर्यंत चिखलात माखलेला मच्छिंद्र धावत येऊन ओरडला.

"जितलास की. पन मी बसू कुठं, घासात? ही गाडी चांगली हाय. हालत न्हाई."

"पन देव?" साळूबाई म्हणाल्या.

आसारामांनी विचार केला. "देवाला मानसानं हालवायचं न्हाई. पन देव सोता यात्रेला निगाला तर? जितलेल्या जावयानं अनवानी, डोक्यावर न्यायचा. त्यो मोठा मान."

साळूबाईंना हे पटले. मच्छिंद्रला पटले की नाही, हे कोणी विचारले नाही.

अशा रीतीने मिरवणूक निघाली. पुढे बँड, मागे माणसाच्या चालीने रामहरीची पिकअप, तिच्यात पुढे आसाराम, आणि पिकअपच्या मागे डोक्यावर देव घेतलेला मच्छिंद्र. देवाचे वजन चांगलेच होते.

देवळासमोर चढ होता. सासऱ्यांसाठी दार उघडायला उतरावे म्हणून रामहरीने गिअर काढला, ब्रेकवरचा पाय जरा सैल केला आणि गाडी मागे सरकू लागली.

"साडू, देव लावा! देव!" तो खिडकीतून ओरडला.

मच्छिंद्रने आयुष्यात कोणतेही काम इतक्या आनंदाने केले नसेल. त्याने देव डोक्यावरून उतरवून मागच्या चाकामागे ठेवला. गाडी थांबली. त्याने मान चोळली आणि तो दगड बाजूला घ्यायला पुन्हा वाकला, तोवर साळूबाई ताट घेऊन पोचल्या होत्या.

"थांबा! जागा बदलली देवानं," म्हणून त्यांनी नवे कुंकू लावले.

त्यामुळे दिवस मावळेपर्यंत ती पिकअप देवळाच्या दारातच उभी राहिली. यात्रेला आलेल्या प्रत्येक माणसाला तिला वळसा घालून आत जावे लागले, आणि वळसा घालताना प्रत्येकाने विचारले, "कोनाची वो गाडी?"

"धाकट्या जावयाची," पुढच्या सीटवरून शेव-रेवड्या खात आसाराम सांगत होते. "ब्रेक लई भारी हायेत."