मावशींना कुणी नाही

निवृत्त माणसानं घरी गप्प बसावं असा काही कायदा नाही, आणि त्याचे भोग इतरांच्या वाट्याला येतात! रावसाहेब (हे नाव नव्हे, थाट बघून लोकांनी ठेवलेलं) कचेरीतून निवृत्त झाले आणि लगेच घोषणा करून मोकळे झाले, "आता समाजसेवा! आयुष्यभर लोकांचे अर्ज नाकारलेत मी. ते मंजूर कसे होतात हे माझ्याइतकं कुणाला कळणार?" बायकोनं विरोध केला नाही. भाजी कशी चिरावी यावर दिवसभर व्याख्यान देणारा नवरा बाहेर पडतोय म्हटल्यावर कोण कशाला विरोध करील?

मदत केंद्रात त्यांना टेबल मिळालं, पंखा मिळाला आणि पहिलं गिऱ्हाईक म्हणून शिवणकामवाल्या मावशी मिळाल्या. मावशी तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहत. गुडघे पार कामातून गेलेले. मागे एकदा न्हाणीघरात पडल्या, तर दूधवाल्यानं दार ठोठावेपर्यंत तशाच पडून होत्या. अशा एकट्या म्हाताऱ्या माणसांकडे सरकारी कचेरीतर्फे रोज सकाळी एक मदतनीस बाई येते, ती त्यांना हवी होती. बाकी काही मागणं नव्हतं बिचारीचं.

"काम झालं समजा," रावसाहेब म्हणाले. "अर्ज मी भरतो. तपासणीला कचेरीच्या बाई येतील तेव्हा तुम्ही मात्र तोंड उघडायचं नाही. बोलायचं मी."

मावशींनी मान डोलावली. इथेच घात झाला!

तपासणीच्या दिवशी रावसाहेब कडक इस्त्रीत हजर. तीन जिने चढून भात्यासारखे धापा टाकत होते, पण ऐट कायम. तपासणीस बाईंनी मावशींना विचारलं, तुमचं करायला कोण आहे? मावशी काही बोलणार, तोच रावसाहेबांनी हात वर केला. "मी आहे ना!"

बाईंनी कौतुकानं वर पाहिलं. हल्ली अशी माणसं मिळतात कुठे, म्हणाल्या. झालं! रावसाहेब फुगले. बाजार कोण आणतं? मीच. पाणी? तेही मीच. मावशी मागून त्यांची बाही ओढत होत्या. बिचारीला गहिवरून आलंय, असं समजून त्यांनी तिचा हात थोपटला आणि अपरात्रीसुद्धा एका हाकेला धावून येतो, हेही ठोकून दिलं. खरं तर मावशींच्या घरात त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदाच पाऊल टाकलं होतं.

तपासणीस बाईंनी पेनाला टोपण लावलं. "मग प्रश्नच मिटला. ही मदत कुणी नसलेल्यांसाठी असते. यांना तर तुम्ही आहात."

रावसाहेबांचा चेहरा उतरला. म्हणजे तसं नव्हे, बोलायची एक पद्धत असते, असं काहीबाही ते पुटपुटले.

"म्हणजे खोटं बोललात?" बाईंनी विचारलं.

आता एक 'हो' म्हटलं की मावशींचं काम होत होतं. पण माजी साहेब खोटं बोलला असं कुणी म्हणायचं? "छे! खोटं कशाला बोलेन?" रावसाहेब म्हणाले, आणि बाई जिना उतरून गेल्या.

मावशी त्यांच्याकडे वळल्या. चार शिव्या दिल्या असत्या तरी परवडलं असतं.

"मला कुणी नाही, एवढी एकच गोष्ट माझ्या बाजूनं होती, रावसाहेब. तीही तुम्ही घालवलीत."

साहेबाला लाज नव्हती असं नाही, फक्त तिला यायला उशीर व्हायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी रावसाहेब मुकाट्यानं हजर झाले. बादल्या भरल्या, केर काढला, बाजार वर आणला. कंबर धरून जिन्यातच बसले होते, तेवढ्यात समोरच्या दारातून काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ बाहेर आले.

"मावशींचं झालं का?" त्यांनी विचारलं. "मग माझ्याकडे या. काल माझीही तपासणी होती. बाई म्हणाल्या, या जिन्यावर रोज एक सज्जन येतात, तेव्हा इथे कुणालाच मदतनीस नको."

आणि त्यांनी पिशवी पुढे केली.