मान हलवण्याबाबतचा ठराव

चुणीदार गळपट्ट्याची रुंदी एक वीत झाली, की आतली मान कोणत्याही बाजूला अर्ध्या बोटापलीकडे हलत नाही. हे मी मोजलेलं आहे. हॉलंडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या आउडेरवेर गावात गळपट्ट्यांना खळ मीच घालते.

मानाचं मूळ मानेत असतं. माझ्या वडिलांच्या वेळी सदऱ्याचा गळा मळू नये म्हणून त्याला दोन बोटांची झालर लावत. पुढे मळाचा सगळ्यांना विसर पडला आणि झालर वाढत गेली. आज नगरसभेचे अकराही सभासद वीतभर गळपट्टा घालतात. त्यांना स्वतःचे जोडे दिसत नाहीत, आणि जेवायला हातभर दांड्याचा चमचा लागतो. (तरी सात जणांचं कालवण चुण्यांतच मुरतं.)

सभेत होकार मान हलवून देण्याचा जुना रिवाज आहे. तोंडाने ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणणं मासळीबाजारात शोभतं. त्यामुळे गेल्या सात वर्षांत सभेने एकही चुकीचा निर्णय घेतलेला नाही. (बरोबरही नाही.)

समुद्राच्या बांधाला भेग पडली तीही सात वर्षांपूर्वीच. बांधाखाली माझी शेजारीण वाइन्ट्ये राहते, चार गाईंसह. यंदा भरतीचं पाणी गोठ्यात आलं, तशी ती माझ्याकडून गळपट्टा उसना घेऊन थेट सभेत शिरली. मागोमाग आम्ही बांधाखालचे सगळे, आपापले वीतभर गळपट्टे चढवून. चारचौघांत उघड्या गळ्याने कोण जाणार?

“अध्यक्षसाहेब, गाई पोहायला शिकतील, मला या वयात जमायचं नाही. बांध दुरुस्त करताय की नाही?”

अध्यक्ष गोव्हर्टसाहेबांनी डोळे फिरवले. तेवढेच फिरत होते. “बाई, एकाचीही मान हललेली नाही.”

“मग उलटं विचारा की! ज्याला बांध नको, त्यानं मान हलवावी.”

अकरा चेहरे लाल झाले. एक चुणी कुरकुरली. मान मात्र एकही हलली नाही. लेखनिकाने तीनदा मोजलं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

गोव्हर्टसाहेब आमच्याकडे वळले, म्हणजे अख्खेच वळले. त्यांना पद्धत फार आवडलेली दिसत होती.

“दगडमाती बांधाखालच्यांनी वाहायची. बिनमजुरी. ज्याची हरकत असेल, त्यानं मान हलवावी.”

“अगं, हलव ना!” वाइन्ट्ये शेजारून कुजबुजली.

“तूच हलव!”

खळ उत्तम बसली होती.

“मंजूर!” गोव्हर्टसाहेब म्हणाले.