एका रफाराची सहकारी संस्था

मुलांनो, ज्या समाजाला आपली जुनी वर्तमानपत्रे सांभाळता येत नाहीत, त्याला आपला इतिहासही सांभाळता येत नाही. हे वाक्य गंभीर आहे आणि कोणत्याही उद्घाटनाला चालते, म्हणून पाठ करून ठेवा. आता डोळे मिटा आणि कल्पना करा. (वाचायला अडचण होत असेल तर एकच मिटा.) सांगली-सातारा भागात तीन संस्था आहेत: कुंडलचे एक वाचनालय, आष्ट्याचे एक महाविद्यालय आणि लोणंदचा एक छापखाना. तिघांच्याही माळ्यावर साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे अंक पडून आहेत. त्यांचे नियमित वाचन आजवर फक्त वाळवीने केले आहे.

एके दिवशी सरकारी पत्र आले. जुने अंक संगणकात उतरवण्यासाठी स्कॅनर फुकट मिळणार होता. अट एकच: तिन्ही संस्थांनी हे काम 'सहकार्याने' करावे. कुंडलला जी झेरॉक्स पोहोचली, तिच्यावर रफार उमटला नव्हता. रफार म्हणजे अक्षराच्या डोक्यावर बसणारा अर्धा र. दिसायला एवढासा, पण तो पडला आणि उरले 'सहकायाने'. असा शब्द मराठीत नाही. वाचनालयाचे अध्यक्ष आप्पासो यांनी चष्मा पुसून निकाल दिला.

"सहकाराने म्हणत्यात ते. सरकारला लिवाय येत न्हाई, पर आपल्याला कळतंय की."

खरेच कळत होते. या भागात तीन माणसे एका कामासाठी एकत्र बसली, की चौथा नोंदणीचा अर्ज घेऊन येतो. त्याप्रमाणे तिघांची मिळून 'जुनी वर्तमानपत्रे जतन सहकारी संस्था' स्थापन झाली. संचालक सतरा. निवडणुकीत दोन पॅनेल. चिन्हे कात्री आणि डिंकाची बाटली. कात्री बहुमताने निवडून आली. (वर्तमानपत्रे जपण्यासाठी कात्रीला मते का दिली, असे विचारू नका. डिंकाचा उमेदवार कुणाला चिकटतच नव्हता.) आप्पासो चेअरमन झाले.

संस्थेचे नियम अत्यंत न्यायाचे होते. सभासद होण्यासाठी भागभांडवल म्हणून जुनी वर्तमानपत्रे काट्यावर घालायची, किमान पाच किलो. कचेरीत जुने अंक फक्त सभासदांना पाहता येतील. म्हणजे ज्याला जुना पेपर बघायचा आहे, त्याच्याकडे आधी जुना पेपर हवा. आणि ज्याच्याकडे तो आहे, त्याला बघायची गरज नाही. त्यामुळे गर्दी होणार नव्हती.

इथे पायल येते. पायल कुंडलची, सहावीत शिकते. तिच्या आजीने, बाळाबाईंनी, अकराव्या वर्षी शाळेच्या मैदानात गुंडा नावाच्या मुलाला कुस्तीत चीत केले होते आणि 'येरळाकाठ' नावाच्या साप्ताहिकाने ती बातमी छापली होती. गुंडा हा शेजारच्या लीलाबाईंचा थोरला भाऊ. त्यामुळे असली बातमी आलीच नव्हती, असे लीलाबाई गेली साठ वर्षे सांगत आहेत.

"पेपरात आलं हुतं म्हनं! दाव की मग," त्या रोज कट्ट्यावरून म्हणत.

"दावीन. मरायच्या आत दावीन," बाळाबाई म्हणत.

"मग लय वर्सं जगशील, बाई!"

अलीकडे बाळाबाईंना दम लागत होता, म्हणून पायलला घाई होती. ती संस्थेच्या कचेरीत गेली.

"आवं चेअरमन आजोबा, माझ्या आजीची बातमी बघायची हाय."

"किती किलो आणलीस?" आप्पासोंनी विचारले.

"काय?"

"पेपर गं. भागभांडवल."

"घरात पेपर असता, तर तुमच्याकडं कशाला आले असते?"

"हुशार हाईस," आप्पासो कौतुकाने म्हणाले. "मोठी झालीस की संचालक हो. तवा बघ."

दरम्यान संस्थेचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला. साखर कारखान्यात उसाची मोळी पूजून गव्हाणीत टाकतात. इथे अंकांची मोळी बांधून स्कॅनरवर ठेवली, तिला हळदकुंकू वाहिले आणि नारळ फोडला. पाणी काचेवर गेले. बॉयलर पेटवण्याचा विधी मात्र, कागदाचा विषय असल्याने, एका संचालकाच्या शंकेवरून वगळण्यात आला. (त्या संचालकाला पुढच्या वेळी पॅनेलमध्ये घेतले नाही.)

मग माल येऊ लागला. काट्यावर वजन चांगले भरावे म्हणून काही सभासदांनी, डेअरीला दूध घालतानाच्या सवयीने, गठ्ठ्यांवर पाणी मारले. ओला कागद स्कॅनरवर चालेना. तेव्हा सगळा इतिहास गावाबाहेरच्या बेदाणा शेडमध्ये, द्राक्षे वाळवायच्या जाळ्यांवर, वाळत घालण्यात आला.

हंगामाअखेर प्रसिद्ध झालेला अहवाल असा: संचालकांच्या सत्कारांचे फोटो स्कॅन झाले १,१४२, निमंत्रणपत्रिका ३८६, निवडणुकीवरच्या हरकती २०७, चेअरमनसाहेबांचा अंगठा ४१ (काच पुसताना बटण दाबले गेले), जुनी वर्तमानपत्रे निरंक. माल ओला असल्याने.

पायलने नियम नीट वाचले. बंदी कचेरीत अंक पाहण्यावर होती. जाळीवर वाळणाऱ्या मालाबद्दल एक अक्षर नव्हते. रोज शाळा सुटली की ती शेडमध्ये जाई, जाळ्यांच्या मधून चाले आणि इतिहास वाची. एका संध्याकाळी वरच्या जाळीवर तिला 'येरळाकाठ'चा तो अंक सापडला. कोपऱ्यात चार ओळी होत्या: कुंडल येथील इयत्ता पाचवीतील कु. बाळाबाई हिने गुंडा या मुलास ढाक डावावर चीत केले, प्रेक्षकांत हशा पिकला. पायलने आईच्या मोबाईलवर फोटो काढला. (त्या हंगामात दोन्ही जिल्ह्यांत संगणकात उतरलेला जुना अंक हा एवढाच.)

तिने फोटो आधी आजीला दाखवला. मग दोघी कट्ट्यावर गेल्या. लीलाबाईंनी दोन बोटांनी अक्षरे मोठी केली आणि बातमी दोनदा वाचली.

"पेपरात काय, कायबी छापत्यात," त्या म्हणाल्या.

"आगं, साठ वर्सं पेपर दाव, पेपर दाव म्हणत हुतीस की!" बाळाबाईंना पुन्हा दम लागला.

"दावलास. बघितला. खोटा हाय."

बाळाबाई घरात गेल्या. त्या रात्री जेवल्या नाहीत.

पायल उंबऱ्यावर मोबाईल घेऊन बसली. त्याच फोटोभोवती तिने गुलाब लावले, वर उगवता सूर्य काढला, 'शुभ सकाळ' लिहिले, खाली 'आवडल्यास पुढे पाठवा' असे लिहिले आणि तो गावाच्या ग्रुपवर सोडला.

सकाळी लीलाबाई मोबाईल नाचवत दारात हजर.

"अगं बाळे, पाडलंस की गं खरंच आमच्या गुंड्याला! पुण्याच्या सुनंनं पाठवलंय. आता मोबाईलवर आलंय म्हटल्यावर काय!"

बाळाबाईंनी दोन कप चहा टाकला आणि ढाक कशी मारली, ते लीलाबाईंचाच हात धरून दाखवले.

पायल मात्र विचारात पडली. मग तिने तोच फोटो पुन्हा घेतला, मधली बातमी पुसून टाकली, नुसते गुलाब आणि सूर्य ठेवले आणि परत पाठवला. त्याला पहिल्याहून दुप्पट नमस्कार आले. नमस्कार पाठवणारे नंबर ती एकेक करून वाचत बसली. त्यांतला एक तुमच्या घरचा होता.