चीक आंबायच्या आत

“तुमची अब्रू आणखी महिनाभर टिकेल, माझे गहू नाही टिकायचे,” सुहासिनीबाई म्हणाल्या आणि त्यांनी भिजवलेल्या गव्हाचं पातेलं श्यामकांत मोघ्यांच्या नाकाखाली धरलं. “घ्या वास.”

श्यामकांतरावांनी वास घेतला आणि मान फिरवली. तीन दिवस पाण्यात बसलेल्या गव्हाला जसा यायचा तसाच तो येत होता.

कुरडई नुसती खाणाऱ्यांना तिची जन्मकथा ठाऊक नसते, म्हणून सांगायला हवं. भिजलेला गहू वाटायचा, त्याचा चीक रात्रभर निवळू द्यायचा, सकाळी तो शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून गच्चीवर घालायचा. यातली एकही पायरी कुणाच्या मानापमानासाठी थांबत नाही. मोघ्यांच्या अंबरनाथ पूर्वेच्या इमारतीला गच्ची होती, पण सेक्रेटरीनं ती कुलपात ठेवून तिचा जीव वाचवला होता. त्यामुळे दर उन्हाळ्यात सुहासिनीबाई बदलापूरला दिनानाथ टिपणिसांच्या गच्चीवर जात. दिनानाथ आणि श्यामकांत एकाच कारखान्यातून निवृत्त झालेले. नोकरीत तीस वर्षं त्यांचं एकदाही भांडण झालं नाही. त्यासाठी विज्ञानाला प्रगती करावी लागली.

ती नव्व्याण्णव साली झाली. ह्यूस्टनला गेलेल्या कुणा अंबरनाथकराच्या मुलानं ‘आपली मंडळी’ नावाचा ई-मेलचा गट काढला. एकानं पत्र टाकलं की ते सगळ्यांना पोचायचं. आपुलकी वाढावी हा हेतू. पहिल्या आठवड्यात ती वाढलीही. दुसऱ्या आठवड्यात दिनानाथांनी लिहिलं, की आमरसात कुरडई चुरून खाणारी माणसं जेवायला बसवू नयेत, त्यांना दावणीला बांधावं. श्यामकांतराव लहानपणापासून चुरून खात. त्यांनी उत्तर दिलं, की कुरडई नुसती कुरकुर चावणाऱ्यांचे दात आणि अक्कल एकाच वेळी पडतात. मग अंबरनाथकर चुरणाऱ्यांच्या बाजूनं उभे राहिले, बदलापूरकर चावणाऱ्यांच्या. ज्या ह्यूस्टनकरानं दहा वर्षांत कुरडई पाहिली नव्हती, त्यानं दोघांना समज दिली.

“फोन उचला आणि सॉरी म्हणा,” सुहासिनीबाई म्हणाल्या.

“फोनवर? भांडण चव्हाट्यावर झालंय. मिटेलही चव्हाट्यावरच. आणि तोवर या घरचा गहू त्या गच्चीवर चढणार नाही.”

“उद्या सकाळी चीक शिजलाच पाहिजे. नाही मिटलं तर तो तुम्हाला ताटात वाढीन. आंबलेला.”

श्यामकांतराव रिक्षा करून उल्हासनगरला चंदरच्या सायबर कॅफेत गेले. चंदर सिंधी, आधी कापड विकायचा. आता इंटरनेट विकत होता, पण गिऱ्हाइकाच्या खांद्यावरून डोकावण्याची सवय तीच होती. श्यामकांतरावांनी कारखान्यात आयुष्यभर टेलिप्रिंटर चालवला होता. तिथं सगळी इंग्रजी अक्षरं मोठीच असत. त्याच मोठ्या अक्षरांत, एकेका बोटानं, त्यांनी मराठी माफी टंकली: ‘दिनूभाऊ, मी माफी मागतो. विषय संपवा.’

सायंकाळी उत्तरांचा ढीग आला. ह्यूस्टननं लिहिलं, ‘काका, ओरडू नका.’ एका बदलापूरकरानं लिहिलं, ‘ही माफी आहे की नोटीस?’ खुद्द दिनानाथांनी लिहिलं, ‘असल्या दमदाटीला टिपणीस भीक घालत नाहीत.’

“मी कुठे ओरडलो?” श्यामकांतराव ओरडले.

“साईं, मोठे अक्षर म्हणजे चिल्लानाच होतं इंटरनेटवर,” चंदर म्हणाला. “मला वाटलं, तुमचा स्टाइल आहे. हे बटण दाबा, आवाज कम होईल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी चंदरनं शटर वर केलं तेव्हा श्यामकांतराव पायरीवर उभे होते. घरी रात्रभर निवळलेला चीक वाट पाहत होता. त्यांनी आवाज कमी करून लिहिलं: ‘चूक सर्वस्वी माझी. तुम्ही मोठ्या मनाचे आहात.’

इथं खरं तर गोष्ट संपायला हवी. पण दिनानाथही बदलापुरात अशाच एका यंत्रापुढे बसले होते, आणि मोठं मन दुसऱ्यानं दाखवावं हे त्यांना पटणारं नव्हतं. उत्तर आलं: ‘छे, चूक माझी. सुरुवात मीच केली.’

श्यामकांतरावांनी लिहिलं, ‘पण जास्त वाईट मी बोललो.’

‘तुमचं बोलणं मी मनावरसुद्धा घेतलं नव्हतं. माझंच जास्त लागलं असणार.’

“बघ, बघ!” श्यामकांतराव चंदरला म्हणाले. “म्हणजे माझ्या शिव्यांत दम नव्हता!”

‘माफी आधी मी मागितली,’ त्यांनी टंकलं. ‘याची नोंद असावी.’

‘आधी मागितली, पण मनापासून मी मागितली.’

दुपार होईस्तोवर गटात पुन्हा दोन पक्ष पडले. अंबरनाथकरांचं म्हणणं, आमचा माणूस जास्त चुकला. बदलापूरकरांचं म्हणणं, असं होणं शक्यच नाही.

“काका, अमेरिका झोपली,” चंदर शेवटी म्हणाला. “तुम्ही पण जेवून घ्या.”

श्यामकांतराव घरी आले तर दाराला कुलूप. शेजारच्या बनूबाई किल्ली घेऊन बाहेर आल्या. “वहिनी तुमच्या पाठोपाठच गेल्या की. चिकाचं पातेलं मांडीवर घेऊन, रिक्षानं. म्हणाल्या, बदलापूरला.”

“शत्रूच्या गच्चीवर!” असं काहीसं पुटपुटत श्यामकांतराव निघाले. टिपणिसांचे जिने चढताना त्यांना रागही येत होता आणि दमही लागत होता. गच्चीचं दार अर्धवट उघडं होतं. आत हसू चाललं होतं, म्हणून ते थबकले.

“या वर्षी कशा भराभर झाल्या गं!” कुंदावहिनींचा, म्हणजे सौ. टिपणिसांचा आवाज. “दर वर्षी दोघं खुर्च्या टाकून बसतात. एक म्हणतो घट्ट झालं, दुसरा म्हणतो पातळ झालं.”

“आणि निम्मा चीक चाखून संपवतात,” सुहासिनीबाई म्हणाल्या. “पण तुला सुचलं कसं?”

“मी एवढंच म्हटलं, श्यामकांतभावोजी कुरडई चुरून खातात हो, शी! हे उठलेच. तडक जाऊन टाइप करून आले.”

“आता शेवयांच्या वेळी?”

“सोपं आहे. भावोजी म्हणाले, गुळाची खीर अडाणी लोक खातात, असं सांगते. शेवया वाळेपर्यंत गच्चीवर फिरकणार नाहीत.”

श्यामकांतरावांना मागे कुणाचा तरी श्वास ऐकू आला. खालच्या पायरीवर दिनानाथ टिपणीस उभे होते, कॅफेतून थेट आलेले, उपाशी. त्यांनीही सगळं ऐकलं होतं.

ज्या दोन माणसांनी सकाळपासून साऱ्या जगाला कळवून माफ्या मागितल्या होत्या, त्यांना समोरासमोर एक शब्द सुचेना.

“श्यामकांतराव,” दिनानाथ शेवटी हळूच म्हणाले, “मला गुळाचीच आवडते बरं का खीर.”

श्यामकांत मोघे जन्मभर साखरेची खीर खात आले होते. गुळाच्या खिरीबद्दल त्यांची मतं स्पष्ट होती आणि ती गटावर टाकण्यासारखी होती. त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा दिनानाथांच्या सुकलेल्या तोंडाकडे.

“मलाही,” ते म्हणाले.