एकोणिसाव्या मजल्यावरील लाकडी पंपाची हकीकत

श्रीगजानन साह्य असावा, आणि जें घडलें तें न लपवितां लिहिण्याची बुद्धि लेखणीस द्यावी. शके १९४५, शोभननाम संवत्सरे, माघमासीं ही गोष्ट जाहली.

संगणकावरील एका खेळांत डोंगराचे पोटीं एक दुर्ग होता. त्याचे धनी तिघे: मृदुलाबाई, अनंतराव भोइटे आणि शंतनुपंत पेंढारकर. तिघे एके काळीं एका कचेरींत होते, आतां तीन गांवीं राहात, आणि दुर्गाचे निमित्तानें स्नेह टिकवून होते. करार असा कीं, खेळांतील एक वर्ष एकानें राज्य करावें आणि मग दुर्ग जसा असेल तसा पुढल्याचे स्वाधीन करावा; कांहीं मोडलें तरी जुनी प्रत काढून पुन्हां खेळूं नये. दुर्गांत ऐंशी खुजीं माणसें वसत. त्यांत एक पाथरवट, त्यास मृदुलाबाईंनीं तात्या हें नांव दिलें होतें. बाईंचे वडील पाथरवट होते, त्यांस तात्या म्हणत, आणि ते मागील सालीं निवर्तले होते. बाई आपले पाळीस त्या तात्याकडून भोजनशाळेच्या भिंती कोरून घेत आणि त्याचीं चित्रें दोघां स्नेह्यांस पाठवीत.

पुढें शंतनुपंतांची पाळी आली आणि त्यांणीं मनसुबा केला कीं, पाताळांतला लाव्हारस माथ्यावरील भट्ट्यांस न्यावा. पेचाचा पंप रस एकच मजला चढवितो, सबब एकावर एक एकतीस पंप बसवावयाचे, आणि रस ऐसा जहाल कीं लोखंडावांचून कांहीं तगत नाहीं. पंतांनीं स्नेह्यांस लिहिलें, "माझें वर्ष सरण्याआधीं रस भट्टीशीं आणीन." मग पाणचक्क्या उभारिल्या, मजल्यामागें मजला फोडिला, आणि तीस पंप लोखंडाचे जाहले आणि लोखंड सरलें. वर्षाचे दिवस उरले चार. नवी खाण खणावी तर पाळी सरते आणि बोललेलें खोटें पडतें. मग पंतांनीं एकोणिसाव्या मजल्यावर लाकडी पंप बसविला आणि मनाशीं म्हणाले कीं, रस एकदां वर पोहोंचूं दे, मग बदलूं. त्याच मजल्यास भोजनशाळा लागून होती आणि कामकऱ्यांचे येण्याजाण्यास एक दार मोकळें ठेविलें होतें. तें बुजविण्याचेंही राहिलें.

चक्क्या फिरल्या आणि रस अठरा मजले सरळ चढला. एकोणिसाव्यास लाकूड पेटलें, पंप नाहींसा जाहला, आणि रस दारांतून भोजनशाळेंत शिरला. मंडळी जेवावयास बसली होती. एकोणसत्तर जण गेले. त्यांतच कोपऱ्यांत भिंत कोरीत असलेला तात्याही गेला. पंतांनीं हें सारें पडद्यावर पाहिलें. मग त्यांणीं स्नेह्यांस पत्र धाडिलें: "रस भोजनशाळेंत फुटला. भिंतींत मागील कारकीर्दीची कोठें फट राहिली असावी." भोजनशाळेचें बांधकाम मृदुलाबाईंचें, हें तिघांस ठाऊक होतें.

तासाभरानें बाईंचें उत्तर आलें. "माझ्याच हातची चूक असेल. तुमची मेहनत फुकट गेली, माफ करा." पंतांनीं तें चारदां वाचिलें. मग अंगठ्याचें चित्र पाठविलें, आणि त्या चित्राची लाज त्यांस लबाडीहून अधिक वाटली. पुढें आठ दिवस कचेरींत जावें, जेवावें, आणि ताटावर बसतां भोजनशाळा आठवावी, ऐसें चाललें. आठवे दिवशीं अनंतरावांचा फोन आला. "बाई मला म्हणतात, माझी पाळी अनंतराव तुम्हीं घ्या, माझे हातून माणसें मरतात. तुम्हीं कांहीं बोललांत काय त्यांस?"

पंत म्हणाले, "बोललों. खोटें बोललों." आणि दुसरे दिवशीं रजा टाकून बाईंचे गांवीं गेले.

बाईंनीं दार उघडलें, पाणी दिलें. पंतांनीं पेला न उचलतां लाकडाची गोष्ट आणि दाराची गोष्ट सांगितली.

"हें केव्हांपासून ठाऊक होतें?" बाईंनीं पुसिलें.

"पंप जळाला तेव्हांपासून."

बाई उठून आंत गेल्या आणि एक वही घेऊन आल्या. जुन्या प्रतींतील भोजनशाळेचा एक एक दगड तपासून त्यांणीं खुणा केल्या होत्या, पानामागें पान. "खेळांत माणसें जातात. तात्याही केव्हां तरी जाणार होता," बाई म्हणाल्या. "पण मी आठ दिवस फट शोधीत होतें. सांपडत नव्हती, तरी आपलीच असेल म्हणोन शोधीत होतें. वडिलांच्या नांवाचा माणूस आपण मारिला, ऐसें वाटत होतें."



"अनंतराव जुनी प्रत काढूं म्हणतील," पंत म्हणाले.

"नको. करार आहे. आणि माझी पाळी मीच घेईन." मग पेला पुढें सरकवून म्हणाल्या, "पाणी प्या. आणि आतां जा, शंतनुपंत. मला आज तुमच्याशीं बोलवत नाहीं."

इतुका मजकूर. उरल्या अकरा जणांनिशीं बाईंनीं खाण खणविली, पंपांचा मनोरा पुन्हां बांधिला, आणि एकतीसही पंप लोखंडाचे बसवून रस भट्टीशीं नेला. त्याचें चित्र त्यांणीं दोघांसही धाडिलें. पंतांनीं आपली पुढील पाळी सोडिली, तिच्या पुढचीही सोडिली. दुर्ग चालतो आहे.