नगराळेबाबूंची चाळणी

आमच्या ऑफिसातली कचऱ्याची टोपली रिकामी होण्याआधी चाळली जाते. चाळणी अगदी खरी, घरची, गव्हाची. रोज साडेपाचला नगराळेबाबू दाराबाहेर वर्तमानपत्र अंथरतात, टोपली चाळणीत उपडी करतात आणि त्या कचऱ्याकडे इतकं निरखून बघतात की मुलगी पाहायला आलेली मंडळीही बघत नसतील.

आमचं सेलू तालुक्यात दुधाचं चिलिंग सेंटर आहे. हिंगणी, केळझर आणि आजूबाजूच्या गावांचं दूध इथं येतं, थंड होतं आणि टँकरनं नागपूरला जातं. मी दुधाची फॅट तपासते, नगराळेबाबू टँकर रवाना करतात. सुरुवातीला मी या माणसाची यथेच्छ टिंगल केली. मग एक दिवस माझ्या कुडीची फिरकी त्या चाळणीत सापडली आणि माझं तोंड बंद झालं. 'ताई, फेकाच्या आंधी चाळा लागते,' एवढंच म्हणून त्यांनी ती कागदाच्या पुडीत बांधून दिली. हे वाक्य ते दिवसातून चारदा तरी म्हणतात.

शनिवार हा त्यांचा गाळ काढायचा दिवस. ऑफिसात एकमेकांशी बोलायला कंपनीनं संगणकावर एक चॅटचं ॲप दिलंय. शेजारच्या टेबलावर चहा आला हे सांगायलाही आम्ही तेच वापरतो. आपण पाहिलेले फोटो, सकाळचे गुलाब, अंगठे, सगळ्याची एकेक प्रत हे ॲप संगणकाच्या पोटात ठेवून घेतं. त्याला कॅश म्हणतात. ती फार साचली की ॲप जड होतं, जुनेच मेसेज दाखवत बसतं. नगराळेबाबू तिला गाळ म्हणतात. बोर धरणाच्या काठी लहानाचा मोठा झालेला माणूस दुसरं काय म्हणणार?

तर दर शनिवारी ते एकेका संगणकापाशी जातात. आधी ॲप बंद करायचं, तेही नुसतं फुलीवर दाबून नाही. खाली घड्याळाशेजारी ते दडून बसलेलं असतं, तिथूनही हुसकायचं. मग लपलेल्या फोल्डरात शिरून गाळ पुसायचा आणि ॲप पुन्हा सुरू करायचं. पहिल्यांदा मॅनेजरसाहेब घाबरले, माझे मेसेज जातील म्हणाले. मेसेज नागपूरच्या कोठीत, म्हणजे तिथल्या मोठ्या संगणकात असतात, इथं नुसता गाळ, अशी बाबूंनी त्यांची समजूत घातली.

ऑफिसात संगणक नऊ. बाबू साफ करत आठ. नववा त्यांचा स्वतःचा, त्याला ते हात लावत नसत. त्यावरचं ॲप उघडेपर्यंत माझे दुधाचे दोन नमुने तपासून होत. आम्ही चिडवून चिडवून थकलो, ते नुसते हसत.

कारण मला कळलं ते एका दुपारी, टँकरची वेळ बघायला त्यांच्या संगणकाशी गेले तेव्हा. नावांच्या यादीत गुळघाणेभाऊंचा चेहरा होता. गुळघाणेभाऊ म्हणजे बाबूंच्या शेजारच्या टेबलावर एकोणीस वर्षं बसलेला माणूस. बाबूंनी डबा उघडला की आधी यांचा हात आत. तीन वर्षांपूर्वी ते हृदयविकारानं अचानक गेले. महिन्याभरात मुख्य ऑफिसनं त्यांचं खातं बंद केलं आणि आमच्या सगळ्यांच्या संगणकांवर त्यांच्या नावापुढं एक करडं वर्तुळ उरलं. इथं मात्र वाटाण्याएवढ्या गोलात गुळघाणेभाऊ गाल फुगवून हसत होते.

फोटो बाबूंनीच काढलेला, त्यांनीच ॲपवर चढवलेला. त्यांचा तो मोबाईल पुढं बोर धरणात पडला. गुळघाणेभाऊ एरवी कॅमेरा दिसला की पाठ फिरवत, त्यामुळे त्यांचा हसरा असा दुसरा फोटो कुणाकडेच नव्हता, त्यांच्या घरीही नाही. तो मोठा करून घ्यायचा प्रयत्न बाबूंनी केला होता, पण नुसते ठिपके दिसत.

"गाळ काढला का जाईन तो," बाबू म्हणाले. "म्हणून नाई काढत."

त्यानंतर मी चिडवणं सोडलं. इतरांनी चिडवलं तर मला राग येऊ लागला.

या एप्रिलात एके दुपारी टँकर भरून फाटकाशी उभा राहिला. तो सोडायचा परवाना नागपूरहून चॅटवर येतो, तोही फक्त नवव्या संगणकावर. ॲप उघडेचना. नुसतं गोल गोल फिरत राहिलं. नागपूरच्या संगणकवाल्यानं फोनवर सांगितलं, कॅश साफ करा, नाहीतर मी इथून सगळंच पुसतो. मॅनेजरसाहेब म्हणाले, नगराळे, हे तर तुमचंच काम, करा.

बाबूंचा हात माउसवर होता आणि हलत नव्हता. आठ संगणकांवर डोळे मिटून चालणारा हात. मी वाकून म्हटलं, "बाबू, फेकायच्या आधी चाळायला लागतं."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि ड्रॉवरमधून पेन ड्राइव्ह काढला. अख्खा गाळ त्यावर उतरवायचा, मगच इथला पुसायचा. तीन वर्षांचा गाळ तो. उतरायला अकरा मिनिटं लागतील असं संगणक म्हणाला. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. दूध नासेल म्हणून मॅनेजरसाहेबांनी ऑफिस डोक्यावर घेतलं. टँकर दुहेरी पत्र्याचा आहे, दूध चार अंशांवर आहे, नासलं तर माझी नोकरी घ्या, असं मी ठणकावलं. वर थर्मामीटर घेऊन टँकरपर्यंत दोन चकराही मारल्या. नाटक तर नाटक.

बाराव्या मिनिटाला बाबूंनी गाळ पुसला. ॲप फटकन उघडलं, परवाना आला, टँकर फाटकाबाहेर पडला. आम्ही टाळ्या वाजवल्या, मॅनेजरसाहेबांनीही वाजवल्या. बाबू यादीकडं बघत होते. गुळघाणेभाऊंच्या नावापुढं आता करडं वर्तुळ होतं.

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघं चाळायला बसू लागलो. हजारो फायली, नावं म्हणजे नुसते आकडे. एकेकीच्या नावाला .jpg हे फोटोच्या फायलीचं शेपूट जोडायचं आणि उघडायची. गुलाब निघाले, अंगठे निघाले, मॅनेजरसाहेबांचा गॉगलमधला फोटो सात वेळा निघाला. मी कंटाळले, बाबू कंटाळले नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात एक फाईल उघडली आणि पडदाभर गुळघाणेभाऊ आले. केळझरची टेकडी, गालात कोंबलेली सांबारवडी, ओठांवर तिच्यातली कोथिंबीर. मी चक्क ओरडले. सगळं ऑफिस धावत आलं.

ॲप यादीत फोटो बारीक करून, गोल कापून दाखवतं, त्यात चारी कोपरे जातात. इथं गाळात मूळ मोठा फोटोच राहिला होता, कोपरे शाबूत. खालच्या कोपऱ्यातून एक हात आत आला होता, दुसरी सांबारवडी पुढं करणारा. मनगटावर काळ्या पट्ट्याचं घड्याळ. मी बाबूंच्या मनगटाकडं पाहिलं. तेच घड्याळ.

"हात माहा हाय," बाबू म्हणाले. "एका हातानं चारून राह्यलो होतो, दुसऱ्यानं फोटो. इसरूनच गेलतो." बराच वेळ ते बघत राहिले. "तीन वर्षं मले वाटे का तो एकटाच हाय तिथं."

बाबूंनी रुमालानं आधी चष्मा पुसला, मग डोळे.

"चला ताई," ते उठत म्हणाले. "शनिवार हाय आज. नऊ संगणक हायेत."

आणि त्यांनी सुरुवात स्वतःच्या संगणकापासून केली.