काठावर कोण हाय?

घाडगे डॉक्टरांकडे ताप घेऊन जा नाहीतर खोकला, पहिला प्रश्न ठरलेला: “काठावर कोण हाय?”

नवा पेशंट गोंधळतो. आम्हा सांगलीच्या विश्रामबागेतल्या शेजाऱ्यांना अर्थ ठाऊक आहे: घरी तुझ्याकडे बघायला कोणी आहे का? डॉक्टर मूळचे उंब्रजचे. कृष्णेत पोहायला शिकले, पोहण्यात राज्यात पहिले आले, आणि मग डॉक्टर झाले. पण काठावर आपलं माणूस असल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही, हा नदीचा नियम त्यांनी दवाखान्यातही आणला.

नाडी बघतात ती स्टॉपवॉच लावून. “लय भारी येळ दिलीस गड्या!” म्हणून पेशंटची पाठ थोपटतात. स्टेथोस्कोप आणि पदकं एकाच खुंटीला. एकदा घाईत एका आजीच्या छातीला सुवर्णपदकच लावलं आणि म्हणाले, “काय ऐकू येईना.” आजी घाबरून देवाचं नाव घ्यायला लागली.

सांगलीत आल्यापासून ते रोज सकाळी घाटावर पोहायचे. वहिनी टॉवेल घेऊन पायरीवर उभ्या. एवढा चॅम्पियन नवरा, पण त्यांचा नदीवर काडीचा विश्वास नव्हता. “पदकं काय बुडताना वर खेचणार हायत?” म्हणायच्या. काळजीनं एकेक पायरी उतरत त्या पाण्यापर्यंत यायच्या आणि टॉवेल हमखास भिजायचा. मग डॉक्टर बाहेर येऊन गरजायचे, “परत भिजवलास व्हय गं!” सगळ्या घाटाला ऐकू जायचं.

गेल्या वर्षी वहिनी गेल्या.

मी सकाळी घाटावर फिरायला जातो. डॉक्टर दिसायचे. पोहायची चड्डी, टोपी, चष्मा, सगळा जामानिमा करून पायरीवर बसलेले, कोरडे ठणठणीत. तसेच उठून घरी जायचे. मला बघवेना. एक दिवस म्हटलं, “डॉक्टर, उतरा की.”

“काठावर कोण हाय?”

मी त्यांच्या शेजारचा टॉवेल उचलला. “मी आहे.”

“तुला पवायला येतंय?”

“छे! घोटाभर पाण्यात माझे पाय लटपटतात.”

“मग मी बुडालो तर काय करशील?”

“बोंबलेन.”

“हिलाबी तेवढंच यायचं,” म्हणाले, आणि त्यांनी उडी मारली.

मी टॉवेल छातीशी धरून वरच्याच पायरीवर उभा राहिलो. बऱ्याच वेळानं ते बाहेर आले. टॉवेल हातात घेतला, चाचपला. “कोरडा हाय,” एवढंच बोलले आणि अंग न पुसताच घराकडे निघाले. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते पलीकडून वळले, तसा मी देवाचं नाव घेत शेवटच्या पायरीपर्यंत उतरलो आणि टॉवेलचं टोक पाण्यात बुडवलं.

“परत भिजवलास व्हय रं!” डॉक्टर गरजले. सगळ्या घाटाला ऐकू गेलं.

मग त्या ओल्या टॉवेलात तोंड घालून ते बराच वेळ पुसत राहिले.